लशीची राखण

मराठीत लस टोचण्याला पूर्वी 'देवी काढणे' किंवा 'देवी टोचणे' म्हणत. रोग म्हणजे देवी, त्यावरचा उपायही देवी आणि तो घेऊन गावात येणारा सरकारी माणूस 'देवी डॉक्टर'. आज पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांच्या दंडावर त्या देवी डॉक्टरने उमटवलेली खूण आहे. या शब्दांत टोचणारा आहे, टोचून घेणारा आहे, कोपणारी देवीही आहे. ती लस मुक्कामापर्यंत जपून कुणी आणली, हे सांगणारा शब्द मात्र नाही. लसीकरणाचा लिहिलेला इतिहासही बहुधा असाच आहे. संशोधकाचे नाव राहते, टोचणाऱ्याचे छायाचित्र छापून येते आणि मधला राखणदार नोंदीबाहेर राहतो.

हा लेख त्या राखणदाराविषयी आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या मध्य रेल्वेवरच्या तीन शहरांत आज तो राखणदार म्हणजे कोपऱ्यावरचा औषधविक्रेता. सरकारी केंद्रात मिळणाऱ्या लशी सोडल्या, तर इथली रीत सर्वांच्या परिचयाची आहे. डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात, घरातले कुणीतरी मेडिकलमध्ये जाते, दुकानदार फ्रीजमधून लस काढतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फाचे खडे टाकतो आणि 'लगेच टोचून घ्या' असे बजावतो. तिथून दवाखान्यापर्यंतचा रस्ता ती लस रुग्णाच्या हातातून चालते.

अमेरिकेत, इंग्लंडमध्ये फ्लूची हंगामी लस औषधाच्या दुकानातच टोचून मिळते. आपल्याकडेही तसे व्हावे, अशी चर्चा करोनानंतर वाढली. औषधविक्रेत्याच्या हाती सुई द्यावी की नाही, एवढ्यावरच ती बहुतेक वेळा अडते. पण गेल्या सव्वादोनशे वर्षांचा आपल्या भागातला इतिहास पाहिला, तर सुईच्या आधी राखणीचा प्रश्न उभा राहतो.

दंडाची साखळी

एडवर्ड जेन्नरने गाईच्या देवीचा प्रयोग १७९६मध्ये केला. आपल्याकडे तिला 'गोस्तनी देवी' असे नाव पडले. ही लस तेव्हा बाटलीत भरून ठेवण्याची वस्तू नव्हती. टोचलेल्या माणसाच्या दंडावर आठवडाभराने फोड येई आणि त्यातला द्रव पुढच्या माणसाला टोचावा लागे. काचेत किंवा दोऱ्यावर वाळवून पाठवलेला द्रव उन्हाळ्यातल्या लांबच्या प्रवासात निकामी होई. म्हणून बगदाद आणि बसऱ्याहून समुद्रमार्गे मुंबईला आलेल्या लशीमागे माणसांच्या दंडांची साखळी होती. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवी टोचली गेली आणि ती लागू पडली. हिंदुस्थानातले हे पहिले यशस्वी लसीकरण. तिच्या दंडातल्या द्रवापासून मुंबईतली इतर मुले टोचली गेली आणि पुढे पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास असा त्याचा प्रवास झाला.

या व्यवस्थेत राखण म्हणजे एक जिवंत मूल होते. साखळीतले एक मूल आजारी पडले, एका आईने दंड पुढे करू दिला नाही, तर शेकडो मैलांवरचे लसीकरण थांबे. एकाच्या अंगातला दुसरा रोग लशीबरोबर पुढे जाण्याचा धोका होताच. जातीपातीचा आणि विटाळाचा प्रश्नही होता. कुणाच्या दंडातले कुणाच्या दंडात, ही शंका लोकांच्या मनात होती आणि तिच्यामागे निव्वळ अंधश्रद्धा नव्हती.

त्यावर तोडगा निघाला तो वासराच्या रूपाने. मुंबईत वासरावर लस वाढवून तिथून थेट टोचण्याची पद्धत रुजवण्यात ग्रँट मेडिकल कॉलेजचे पदवीधर डॉ. अनंत चंद्रोबा यांचा मोठा वाटा होता. १८७७मध्ये मुंबई शहरासाठी लसीकरणाचा कायदा झाला. पुढे लस तयार करण्याच्या संस्था उभ्या राहिल्या. बेळगावच्या टिळकवाडीत आजही 'व्हॅक्सिन डेपो' म्हणून ओळखली जाणारी जागा अशाच एका संस्थेची आहे. थंड हवेचे बेळगाव या कामाला सोयीचे होते. इथे एक बदल झाला. राखण माणसाच्या अंगातून निघाली आणि संस्थेकडे, पुढे बाटलीकडे गेली.

मलकोवालची बाटली

बाटलीच्या राखणीत काय होऊ शकते, याचा धडा परळच्या प्रयोगशाळेला मिळाला. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या छोट्या जागेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. मागणी वाढत गेली आणि १८९९मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तिथून लाखो मात्रा देशभर रवाना होऊ लागल्या.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल या गावी १०७ जणांना ही लस टोचण्यात आली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने दगावले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतून टोचले गेले होते. तिचा क्रमांक होता ५३-एन. चौकशीचा रोख परळच्या प्रयोगशाळेवर गेला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. पण नोंदी पुन्हा तपासल्यावर वेगळीच गोष्ट पुढे आली. बाटली उघडताना सहायकाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बुचाला लावला गेला होता. बाटली प्रयोगशाळेतून निघाली तेव्हाच दूषित असती, तर उघडताना तिला दुर्गंधी आली असती, तशी नोंद नव्हती. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू लावून धरली आणि १९०७मध्ये त्यांच्यावरचा ठपका दूर झाला. १९२५मध्ये परळच्या संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले.

या प्रकरणाकडे आपण बहुधा एका शास्त्रज्ञावरच्या अन्यायाची कहाणी म्हणून पाहतो. राखणीच्या बाजूने पाहिले, तर त्यात आणखी दोन गोष्टी दिसतात. लस उत्तम असूनही शेवटच्या हाताच्या चुकीने माणसे मरू शकतात, ही पहिली. दुसरी गोष्ट बाटलीच्या क्रमांकाची. कोणती माणसे कोणत्या बाटलीतून टोचली गेली, याची नोंद होती म्हणूनच खरे कारण शोधता आले. क्रमांक नसता, तर सगळी लसच बदनाम झाली असती. आज बिलावर जो 'बॅच नंबर' असतो आणि जो आपण वाचत नाही, त्याचे मोल मलकोवालमध्ये कळले.

छावणीतले दुकान

प्लेगच्या काळात लस सरकारी डॉक्टरांच्या हाती होती. ती औषधाच्या दुकानाच्या फ्रीजमध्ये कशी पोचली, हे समजायला तीन कायद्यांच्या वाटेने जावे लागते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानात कुणीही औषधे विकू शकत असे. भेसळ आणि बनावट माल इतका बोकाळला, की १९३०मध्ये सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिच्या शिफारशींतून १९४०चा औषध कायदा आणि १९४५चे नियम आले. त्या नियमांत लशी, रक्तद्रव अशा जैविक औषधांचा वेगळा गट केला गेला, तो 'शेड्यूल सी'. साध्या औषधांसाठी नमुना २०चा परवाना आणि या गटासाठी नमुना २१चा, अशी विभागणी झाली. म्हणजे लस विकणारे दुकान इतर दुकानांहून वेगळे आहे, ही कल्पना ऐंशी वर्षांची जुनी आहे. त्यानंतर ४ मार्च १९४८ रोजी फार्मसी कायदा लागू झाला आणि औषध देणाऱ्या माणसाची नोंदणी सुरू झाली. तोवर दवाखान्यात मिश्रणे तयार करणारे, बाटलीला कागदाच्या कातरलेल्या पट्टीने मात्रा दाखवणारे कंपाउंडर हेच या धंद्याचे शिकलेले हात होते. अनुभवी कंपाउंडरांना पहिल्या नोंदवहीत जागा मिळाली.

याच वर्षांत आपल्या भागात काय घडत होते? दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभारली गेली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळपास एक लाख निर्वासितांना तिथल्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची पायाभरणी झाली आणि शेजारून वाहणाऱ्या नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. तरी लोकांच्या तोंडी 'कॅम्प' हाच शब्द राहिला. आजही पत्ता 'कॅम्प तीन', 'कॅम्प चार' असाच सांगतात.

निर्वासितांपुढे पोटाचा प्रश्न होता आणि पिढीजात धंद्याचे कागद बहुतेकांचे मागे राहिले होते. फार्मसी कायद्याला या वास्तवाची दखल घ्यावी लागली. १९५९च्या दुरुस्तीने त्यात ३२-अ हे कलम आले. फाळणीमुळे विस्थापित झालेल्या आणि ४ मार्च १९४८पूर्वीपासून औषधव्यवसाय हीच मुख्य उपजीविका असलेल्या व्यक्तींची नावे राज्याच्या नोंदवहीत घेण्याची सोय त्याने केली. दुकानामागच्या माणसाची पात्रता ठरवताना कायद्याने फाळणीची आठवण ठेवली, ही गोष्ट उल्हासनगरच्या संदर्भात विसरता येत नाही.

अंबरनाथची वाढ वेगळी झाली. तिथे आधी विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना आला, स्वातंत्र्यानंतर आयुध निर्माणी आली, मग औद्योगिक वसाहत आली. आज त्या वसाहतीत रसायनांबरोबर औषधेही तयार होतात. घोडी बदलण्याचे ठिकाण म्हणून बदलापूर, अशी त्या नावाची व्युत्पत्ती सांगितली जाते. मुंबईत घर न परवडणाऱ्यांनी अलीकडच्या दोन-तीन दशकांत त्याचे शहर केले. २०११च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे ५ लाख ६ हजार, अंबरनाथची अडीच लाखांवर आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या आसपास होती. कामगार, लहान व्यापारी आणि रोज लोकलने मुंबईला जाणारे नोकरदार, असा हा समाज. त्याच्या सर्वांत जवळची आरोग्यसेवा म्हणजे मेडिकलचे दुकान.

दोन ते आठ अंश

बहुतेक लशींना २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागते. उष्णतेने लस मरते, हे बहुतेकांना ठाऊक असते. थंडीने लस मरते, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. धनुर्वात, हिपॅटायटिस बी अशा ज्या लशींत ॲल्युमिनियमचे क्षार असतात, त्या एकदा गोठल्या की निकामी होतात; फ्लूची लसही गोठली तर टाकूनच द्यावी लागते. गोठून पुन्हा वितळलेली लस वरवर पाहता पूर्वीसारखीच दिसू शकते. म्हणून सरकारी लसीकरणात बर्फाच्या थैल्या फ्रीजरमधून काढल्याबरोबर वापरत नाहीत. त्यांना घाम सुटेपर्यंत, हलवल्यावर आतले पाणी खळखळेपर्यंत बाहेर ठेवतात. आपल्या मेडिकलमध्ये पिशवीत टाकलेले बर्फाचे खडे लशीला चिकटून असतात. काळजीपोटी केलेली ही गोष्ट लशीला मारू शकते.

फ्रीजचेही तसेच. घरगुती फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याखाली गोठण्याचा धोका असतो आणि दारातल्या कप्प्यात उष्णतेचा. त्यात वीज गेली तर? २००५नंतरची काही वर्षे मुंबईला भारनियमनातून सूट होती आणि आपल्या भागाला नव्हती. लोकलने तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या दोन मुलांच्या लशींचे भवितव्य अशा रीतीने विजेच्या वेळापत्रकावर ठरत होते. पाण्याचा प्रश्न त्याहून मोठा. २६ जुलै २००५च्या पुरात उल्हास आणि वालधुनीच्या काठच्या वस्त्या बुडाल्या. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. ते छायाचित्र देशभर पोचले. अशा दिवशी सखल भागातल्या दुकानांतले फ्रीज कोणत्या अवस्थेत असतात आणि त्यांतल्या लशींचे पुढे काय होते, हे विचारणारी कोणतीही व्यवस्था नाही.

सरकारी साखळीत ही विचारणा होते. १९९६पासून पोलिओच्या कुपीवर आणि नंतर इतर लशींवर उष्णतेने रंग बदलणारी खूण आली. सरकारी शीतसाखळीतल्या फ्रीजमध्ये तापमान टिपणारी यंत्रे बसली, 'ईविन' या प्रणालीने साठ्याची आणि तापमानाची माहिती वरपर्यंत जाऊ लागली. खासगी बाजारातल्या अनेक लशींवर मात्र तशी खूण नसते आणि औषधाचे दुकान त्या प्रणालीच्या बाहेर आहे. एकाच गल्लीत दोन साखळ्या आहेत. एकीवर लक्ष आहे, दुसरी दुकानदाराच्या सचोटीवर चालते.

पाटी आणि माणूस

राखणीला तापमानाइतकीच दुसरी बाजू आहे, ती माणसाची. १९८६मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरॉलमुळे चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या प्रत्येक पायरीवरचा हलगर्जीपणा उघडा केला. औषध प्रशासनाच्या अपयशावर महाराष्ट्रात इतके स्पष्ट बोट त्याआधी ठेवले गेले नव्हते.

पुढचा मोठा संघर्ष दुकानाच्या गल्ल्यावर झाला. परवान्याच्या पाटीवर एका फार्मासिस्टचे नाव आणि औषध देणारा दुसराच, हे चित्र राज्यभर होते. प्रमाणपत्र भाड्याने देणे हा एक व्यवसायच झाला होता. २०११ ते २०१४ या काळात अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त महेश झगडे यांनी फार्मासिस्टची हजेरी, चिठ्ठीशिवाय विक्री आणि बिल या तीन मुद्द्यांवर कठोर मोहीम चालवली. औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी आंदोलने केली, बंद पुकारले. फार्मासिस्ट पुरेसे नाहीत, लहान दुकानांना पगार परवडत नाही, तपासणीच्या नावाखाली छळ होतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात तथ्यही होते. पण लशीच्या दृष्टीने पाहिले, तर प्रश्न साधा आहे. रात्री नऊ वाजता फ्रीज उघडून लस देणाऱ्याला ती कोणत्या कप्प्यात ठेवावी, हे कुणी शिकवले आहे का?

१ मार्च २०१४पासून 'शेड्यूल एच-१' लागू झाले. त्यातल्या ४६ औषधांसाठी रुग्णाचे, डॉक्टरचे नाव आणि दिलेली मात्रा वेगळ्या वहीत लिहिणे बंधनकारक झाले. झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेले खोकल्याचे औषध यांची नशेसाठी होणारी विक्री थांबवणे हा त्यामागचा एक हेतू होता. म्हणजे दुकानाची सुरक्षा हा विषय आपल्याकडे चोरी आणि नशा या बाजूने पुढे आला. वही, कुलूप, काही ठिकाणी कॅमेरे, अशी साधने आली. गुंगीच्या गोळीची नोंद ठेवणारे तेच दुकान लशीच्या फ्रीजचे तापमान दिवसातून दोनदा लिहून ठेवू शकते. कौशल्य तेच आहे. फक्त लशीच्या बाबतीत ते मागितले गेले नाही.

पावसाळ्याआधीची लस

२००९च्या ऑगस्टमध्ये पुण्यातल्या एका शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला. तो देशातला या साथीचा पहिला बळी ठरला आणि 'फ्लूची लस' हे शब्द मराठी घरांत शिरले. २०१०मध्ये भारतीय कंपन्यांच्या लशी बाजारात आल्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस नाकात फवारण्याची होती.

फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, लशीत कोणते प्रकार असावेत हे सांगते. युरोप-अमेरिकेत ही लस हिवाळ्याच्या तोंडावर घेतात. आपल्या किनारपट्टीला फ्लू पावसाळ्यात जोर करतो, म्हणून इथे ती एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी. गेल्या हंगामातली उरलेली लस नीट थंड ठेवली असली, तरी तिचा उपयोग संपलेला असतो. दुकानदाराला ती वेळेत परत करावी लागते, नाहीतर तोटा त्याचा.

आता या लशीची गरज कुणाला, ते पाहू. दमा असलेला, मधुमेह असलेला, साठीच्या पुढचा माणूस, गर्भवती स्त्री. बदलापूरहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ६८ किलोमीटर आहे. सकाळी सातची गाडी पकडणारी गर्भवती नोकरदार स्त्री रात्री आठच्या पुढे घरी पोचते. त्या वेळी सरकारी केंद्र बंद असते, डॉक्टरांकडे रांग असते आणि मेडिकल साडेदहापर्यंत उघडे असते. कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवणाऱ्या कारागिराला लशीसाठी अर्धा दिवस सोडणे म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी सोडणे. दुकानात लस टोचून मिळावी, या मागणीमागे असा रोजच्या वेळेचा हिशेब आहे.

हात मान्य, दुकान अमान्य

२८ डिसेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने करोना लसीकरणाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. लस टोचणारा कोण असू शकतो, याच्या यादीत डॉक्टर, परिचारिका यांच्याबरोबर फार्मासिस्टचेही नाव होते. देशपातळीवरच्या मोहिमेत औषधतज्ज्ञाच्या हाती सुई देता येईल, हे सरकारने लेखी मान्य केले. त्याच सूचनांत केंद्रासाठी प्रतीक्षा, लसीकरण आणि अर्धा तास निरीक्षण अशा तीन खोल्या सांगितल्या होत्या.

पाचच महिन्यांनी, ३० मे २०२१ रोजी, कांदिवलीच्या एका निवासी संकुलात ३९० रहिवाशांना माणशी १२६० रुपये घेऊन लस टोचली गेली. कुणाला ताप आला नाही, दंड दुखला नाही, प्रमाणपत्रे वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावाने आली, तेव्हा संशय आला. पोलिसांच्या तपासानुसार वापरलेल्या कुप्यांत सलाइन भरून ती टोचली गेली होती. मुंबईत अशी अनेक शिबिरे झाली होती आणि फसलेल्यांची संख्या दोन हजारांवर गेली. नकली मालाच्या जुन्या विनोदांत उल्हासनगरचे नाव हटकून घेतले जाते. ही नकली लस मात्र उंच इमारतींच्या सुशिक्षित संकुलात टोचली गेली. तिथे तुटली ती कुपीची राखण. वापरलेली कुपी नष्ट करणे हे जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत आहे. ते झाले असते, तर सलाइन भरायला अस्सल कुपीच मिळाली नसती.

२७ जानेवारी २०२२ रोजी कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिनला अटींसह बाजारात विक्रीची परवानगी मिळाली. पण ती रुग्णालये आणि दवाखान्यांपुरती. औषधाच्या दुकानांत या लशी मिळणार नाहीत आणि प्रत्येक मात्रेची नोंद 'कोविन'वर करावी लागेल, असे ठरले. तेरा महिन्यांच्या अंतराने निघालेले हे दोन कागद शेजारी ठेवले, तर आपल्या व्यवस्थेचे मन कळते. फार्मासिस्टच्या हातावर तिचा विश्वास आहे, पण त्याच्या दुकानावर नाही.

सुईच्या आधी

हा अविश्वास पूर्णपणे गैर म्हणता येत नाही. नियमानुसार किरकोळ औषधदुकानाला किमान दहा चौरस मीटर जागा पुरते, म्हणजे जेमतेम एकशे आठ चौरस फूट. त्यात लस टोचायची खुर्ची, नंतर थांबायचे बाकडे आणि क्वचित येणाऱ्या तीव्र ॲलर्जीसाठी ॲड्रेनलिन देणारा प्रशिक्षित माणूस कुठे बसणार?

अमेरिकेत फार्मासिस्टांना लस टोचण्याचे संघटित शिक्षण १९९४मध्ये वॉशिंग्टन राज्यात सुरू झाले. सर्व पन्नास राज्यांत परवानगी मिळायला २००९ उजाडले. इंग्लंडमध्ये सरकारी सेवेखाली दुकानांतून फ्लूची लस २०१५च्या हंगामापासून मिळू लागली. तिथे डॉक्टरांचा विरोध झाला, शिक्षणाचे तास ठरले, नोंदीची पद्धत बसली, मग सुई आली. हा क्रम आपण उलटा करू नये.

आपल्या तीन शहरांत पहिली पायरी आजच चढता येईल. लस ठेवणाऱ्या दुकानात लशीसाठी वेगळा फ्रीज आणि विजेची पर्यायी सोय असावी. तापमान टिपणारे साधे यंत्र आणि त्याची वही असावी. बिलावर बॅच क्रमांक ठळक लिहावा आणि डॉक्टरने तो रुग्णाच्या कार्डावर उतरवावा. बर्फाच्या खड्यांऐवजी गार पाण्याची थैली आणि छोटी पेटी द्यावी. रिकामी कुपी नष्ट झाल्याची नोंद दवाखान्याने ठेवावी. पूर आला, फ्रीज पाण्यात गेला, तर त्यातल्या लशी कुणी कुठे जमा करायच्या, हे पालिकेने पावसाळ्याआधीच जाहीर करावे. यातल्या एकाही गोष्टीला सुईची परवानगी लागत नाही. नियम पाळणाऱ्या दुकानाला 'येथे लस सुरक्षित ठेवली जाते' अशी पाटी मिळाली, तर ग्राहक आपोआप तिकडे वळेल आणि राखणीचा खर्च दुकानदाराला परवडेल.

हे काही वर्षे नीट चालले, की टोचण्याचा प्रश्न आपोआप सोपा होईल. जागा असलेल्या, प्रशिक्षित फार्मासिस्ट हजर असलेल्या मोजक्या दुकानांना फक्त प्रौढांच्या फ्लू लशीपुरती परवानगी देऊन पाहता येईल. ज्या दुकानाच्या वहीत तीन पावसाळ्यांचे तापमान खाडाखोड न करता लिहिलेले आहे, त्याच्या हाती सुई द्यायला कुणाला भीती वाटू नये.

तोवर एवढे तरी आपल्या हाती आहे. पुढच्या मे महिन्यात चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेलात, तर लशीची किंमत विचारण्याआधी फ्रीजमधला तापमापक किती अंश दाखवतो आहे, ते विचारा. दुकानदार चकित होईल. दुसऱ्या-तिसऱ्या गिऱ्हाइकानेही तेच विचारले, तर तो तापमापक आणून लावेल.